दोन बश्यांची शांतता

"बसा," म्हणाले, आणि मग काहीच म्हणाले नाहीत.

ही माझी नोकरीची मुलाखत होती. परभणीहून एसटीनं पुण्याला, तिथून पौडच्या गाडीनं कासार आंबोलीच्या फाट्यावर आणि फाट्यावरून पायी, अशी मी चित्रांची फाईल छातीशी धरून आले होते. टेबलापलीकडे एक उंच, खांद्यात जरा वाकलेले, पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी फाईल मागितली नाही. नाव विचारलं नाही. खिडकीबाहेर भाताच्या खाचरात एक बगळा उभा होता, त्याच्याकडे बघत राहिले. मी हात आधी मांडीवर ठेवले, मग टेबलावर ठेवले, मग टेबल त्यांचं आहे हे लक्षात येऊन परत घेतले. शेवटी अगदीच राहवेना तेव्हा मीच म्हणाले, "छान आहे इथं."

"काय?"

"म्हणजे... हवा."

ते खूश झाले. खूश झाले म्हणजे भुवया जरा वर गेल्या. याहून जास्त खुशी त्यांच्या चेहऱ्यावर मी पुढं फार क्वचित पाहिली. "उद्यापासून या," म्हणाले. "तुम्ही फार छान अवघडता."

आईला फोनवर सांगितलं, नोकरी मिळाली. कशाबद्दल मिळाली ते सांगितलं नाही.

तेव्हा ॲनिमेशनची हवा होती. पुण्यात गल्लोगल्ली त्याचे क्लास निघाले होते आणि माझ्याबरोबर शिकलेली पोरं हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत परदेशी कार्टूनमधल्या सशांचे कान रंगवत होती. आमचा स्टुडिओ मात्र तात्या आणि आक्का या शेतकरी जोडप्याच्या घरामागं होता. त्यांनी भाड्यानं द्यायला ओळीत खोल्या काढल्या होत्या. त्यातल्या दोन खोल्या सरांकडे, म्हणजे माझी मुलाखत घेणाऱ्या त्या गृहस्थांकडे, होत्या. त्यातल्या एकीत पूर्वी भाताची पोती असायची, त्यामुळं आमच्या कागदांना कायम आंबेमोहोराचा वास यायचा. शेजारच्या खोलीत संपत केबलवाल्याची कंट्रोल रूम होती. पिरंगुटापासून पौडापर्यंतच्या टीव्हींना त्याच खोलीतून वायर जायची. तिथले पंखे दिवसभर घरघरायचे.

या खोल्यांत बसून सर मोठ्या माणसांसाठी कार्टून काढत होते. लोकांना हे पटवून द्यायला फार त्रास व्हायचा. गावात कुणी विचारलं, "काय करता?" आणि मी "कार्टून" म्हटलं, की समोरचा घरातल्या लहान पोराला हाक मारायचा. आमच्या कार्टूनमध्ये बोलणारे प्राणी नव्हते, कुणी उडत नव्हतं, कुणी कुणाच्या डोक्यात हातोडा घालत नव्हतं. मालिकेचं नाव होतं 'बसा की'. गावातली चाळिशी-पन्नाशीची माणसं ओट्यावर, डेअरीत, एकमेकांच्या घरी बसतात आणि त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. झालं. एवढीच गोष्ट.

सरांनी मुंबईत पुष्कळ वर्षं जाहिरातींची चित्रं काढली होती. "साबणाच्या फेसाला हसवलं मी," ते म्हणायचे. "टूथपेस्टला हसवलं. तेलाच्या डब्याला हसवलं. आता माणसाला नाही हसवणार." आणि खरंच, 'बसा की'मधलं एकही पात्र कधी हसलं नाही. एकदा नवखेपणात मी एका दूधवाल्याच्या ओठाचा कोपरा जरासा वर नेला होता. सरांनी तो कागद उजेडाकडं धरला, बराच वेळ बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "याला काय झालंय? बरं नाहीये का?"

त्यांचा जीव होता थांबण्यावर. बोलणं संपल्यावर पुढचं बोलणं सुरू होईपर्यंतची जी जागा असते, तिच्यावर. ते म्हणायचे, "माणूस बोलतो तोवर तो कुणीही असतो. बोलून झालं आणि घरी जाता येत नाही, की तो स्वतः असतो." ही जागा मोजायला त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे तात्या होते.

तात्या बशीत चहा पीत. कपातून बशीत ओतायचा, दोनदा फुंकर मारायची, तोंड लावायचं, भुरका ओढायचा, बशी खाली ठेवायची. वर्षानुवर्षं एकाच लयीत. सर भाडं ठरवायला आले त्याच दिवशी त्यांनी हे हेरलं आणि तेव्हापासून आमच्याकडं शांततेचं माप बशी झालं. कुठलं चित्र किती वेळ राहणार त्याचे आकडे मी कागदांवर घालायला बसले की सर मागून सांगायचे, "इथं अर्धी बशी थांब. इथं पाव. बायकोनं विचारलंय, म्हणजे दीड." अडलं की तात्यांना बोलावणं जायचं. तात्या हातपाय धुऊन, टोपी नीट करून यायचे, खुर्चीत बसायचे आणि चहा प्यायचे. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहायचो. भाताच्या आवणीच्या दिवसांत तात्या चिखलात असायचे तेव्हा सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, किटली घेऊन बांधावर जायचे.

"पोरी," तात्या मला एकदा काळजीनं म्हणाले, "आज थांबायचं लई हाय का गं? सकाळधरनं छातीत जळजळतंय."

आवाज द्यायला नट नव्हते. तात्या आणि आक्काच होते. आक्काला सरांनी निवडलं, कारण ती पाहुण्याला "बसा की" म्हणायची तेव्हा त्यात पाहुण्यानं बसावं अशी जराही इच्छा ऐकू यायची नाही. भिंतींना गोधड्या टांगून आम्ही रेकॉर्डिंग करायचो. कोंबड्या हाकलायच्या, संपतला पंखे बंद करायला सांगायचं आणि वीज जायच्या आत उरकायचं. आक्का लिहिलेलं वाक्य सरळ वाचून मोकळी होईल, असं कधी झालं नाही.

"हे मी न्हाई म्हननार," ती कागद खाली ठेवायची.

"का?"

"माझ्या घरी मानूस आला आन् मी त्याला 'कसे आलात' इचारीन व्हय? त्याला वाटंल, जा म्हनती."

"तिला तेच म्हणायचंय, आक्का."

"आसंल. पन तिनं त्वांडानं म्हनायचं नस्तं. च्या ठेवायला उठायचं आन् ठेवायचा न्हाई."

सर खोडायचे आणि तसंच लिहायचे. दोघांचं फार जमायचं. एकमेकांशी ते कामाशिवाय चार वाक्यंही बोलले नसतील.

सरांशी फोनवर बोलणं ही वेगळीच शिक्षा होती. फोन उचलायचे आणि गप्प राहायचे. पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून दमला, तरी हे ऐकत बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिसऱ्या हॅलोला माणूस घाबरतो. फार सुंदर आवाज येतो." कुणाशी भांडण नसताना पुण्यातले त्यांचे निम्मे मित्र याच कारणानं तुटले. कामाला काही सुचेना झालं की ते फाट्यावरून वडापमध्ये बसून पौडला जायचे आणि त्याच वडापनं परत यायचे. गच्च भरलेल्या गाडीत अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलेली माणसं कुठं बघतात, हे त्यांना बघायचं असायचं. आल्यावर मला खुर्चीत बसवून दाखवायचे. "मान अशी. डोळे असे. आणि हात कुठं?" हात कुठं ठेवावेत हे न कळलेला माणूस हे जगातलं सगळ्यात अवघड चित्र, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यासाठी त्यांनी मला पिरंगुटच्या एका लग्नात, कुणाचं लग्न ते माहीत नसताना, पंगत बसेपर्यंत नुसतं उभं केलं होतं. तिथं नवऱ्या मुलाच्या मावशीनं माझी इतक्या प्रेमानं विचारपूस केली की निघताना मी आहेर देऊन आले.

तात्यांच्या ओट्यावर जमिनीचे एजंट यायचे. जमिनीबद्दल बोलायला आलेला माणूस आधी पावसाचं बोलतो, मग म्हशीचं, मग पोरांच्या शाळेचं, आणि तात्याही त्याला तिथंच फिरवत ठेवायचे. सर दाराआड उभे राहून ऐकायचे. त्यावर एक अख्खा भाग निघाला. त्यात जमीन हा शब्दच नव्हता. तो भाग आम्ही लावून बघत होतो तेव्हा खरा एजंट नेमका ओट्यावर होता. त्यानं दारातून पूर्ण बघितला आणि म्हणाला, "ह्यो मानूस येडा हाय. सरळ इशय काढायचा ना." मग तात्यांकडं वळून म्हणाला, "यंदा म्हशी किती हायेत?"

तुम्ही 'बसा की' पाहिली नसेल. अजूनही कुणी "पाहिली नाही" म्हटलं की मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. एका मराठी चॅनेलनं ती घेतली होती, आणि तिथूनच सगळा घोर सुरू झाला. चॅनेलच्या साहेबांच्या दोन अटी होत्या. एक, मागून हशा लावायचा. नाही तर लोकांना कसं कळणार विनोद कुठं आहे? दोन, पडद्यावर काही न हलता अर्ध्या बशीपेक्षा जास्त वेळ जाता कामा नये, कारण लोक रिमोट उचलतात. (साहेब बशी म्हणाले नव्हते. ते सेकंद म्हणाले होते. हिशोब आम्ही लावला.)

सर वाद घालणारे नव्हते. पत्राला उत्तर नाही, फोनवर मौन. वैतागून साहेबच एका संध्याकाळी पुण्याहून गाडी घेऊन आले. सरांनी देवळाच्या सभामंडपात टीव्ही लावला आणि गावाला एक भाग दाखवला. त्यात एक पाहुणा "चला, निघतो" म्हणतो आणि निघत नाही. घरच्यांनी जेवायचं विचारलेलं नाही म्हणून तो थांबलाय, आणि तो गेल्याशिवाय पानं कशी घ्यायची म्हणून घरचे थांबलेत. सगळा गाव मांडी घालून बसला होता. कुणी हसलं नाही. एक माणूस नाही. भाग संपला, लोक उठले, चपला घालून गेले.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. "चला, निघतो मी."

"आसं कसं?" आक्का म्हणाली. "भाकरी टाकल्यात की." मग भाकरी झाली, भात झाला, "आता कुटं जाता हो अंधाराचं" झालं, आणि साहेब तात्यांच्या ओसरीवर झोपले.

सकाळी त्यांना घेऊन आम्ही डेअरीवर गेलो. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती आणि भांडणं चालली होती.

"चूक घरवाल्याची! मानूस दारात बसलाय, ज्येवायचं इचाराय काय जातंय?"

"आन् त्यो का बसला? त्याला घर न्हाई?"

"उठनार कसा? दोनदा 'चला' म्हनला, कुनी 'बरं' म्हनलंच न्हाई!"

"तू तरी म्हनतोस का रं? परवा माझ्याकडं दुपारपत्तुर बसलावता!"

एकानं किटली खाली ठेवून बाह्या सरसावल्या. चित्रातल्या माणसाची बाजू घेऊन दोन चुलतभाऊ अंगावर जायच्या बेतात होते. साहेब आधी नुसते बघत होते. मग त्यांना काल रात्रीच्या भाकऱ्या आठवल्या असाव्यात. त्यांनी डेअरीच्या खांबाला धरलं आणि ते असे हसले, असे हसले, की दूध मोजणारा थांबला. त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी सरांच्या कानात म्हणाले, "सर, हा हशा रेकॉर्ड करू? अट पण पुरी होईल."

"खेळ कालचा, हशा आजचा," सर गंभीरपणे म्हणाले. "लावू कसा?"

हशाची अट त्या सकाळी साहेबांनी स्वतःच सोडली. दुसरी मात्र लटकलीच. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "थांबण्याचं बघतो. एडिटिंगला सांगून ठेवतो." बघतो म्हणजे काय, ते कुणालाच कळलं नाही.

आणि पहिला भाग जो जाणार होता, त्यात आमच्या मालिकेतली सगळ्यात लांब शांतता होती. पुऱ्या दोन बश्या. गोष्ट अशी, की एक माणूस सांत्वनाला एका घरी जातो. त्या घरात कुणीतरी गेलंय एवढंच त्यानं ऐकलंय. कोण, ते त्याला माहीत नाही, आणि आता विचारताही येत नाही. तो "फार वाईट झालं" म्हणतो, "भला मानूस" म्हणतो आणि हळूहळू अंदाज बांधतो की गेला तो घरचा म्हातारा. मग म्हाताऱ्याचे गुण सांगू लागतो. घरचे त्याच्याकडं बघत राहतात. तेवढ्यात आतून चहाचा कप घेऊन म्हातारा बाहेर येतो. दोन बश्या कुणीच काही बोलत नाही. मग आलेला माणूस म्हाताऱ्याला एकच वाक्य बोलतो आणि भाग संपतो.

"मग मेलं कोन?" आक्कानं रेकॉर्डिंगच्या वेळी विचारलं होतं.

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. आक्कानं दोन दिवस विचार केला आणि थोरली जाऊ गेली असं ठरवलं. त्यानंतर तिचा आवाज फार छान लागला.

त्या दोन बश्यांवर सरांचा सगळा जीव टांगलेला होता. एरवी कशाचं काही न वाटणारा हा माणूस त्या आठवड्यात जेवेना. कापलेल्या शांततेत विनोद उरत नाही, नुसता चहा उरतो, असं म्हणाले. एकदा काम करता करता मध्येच म्हणाले, "एकदा पुरी जाऊ दे. मग बंद करा, काही करा." मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी. मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर लोक आडवे होतात तेव्हा, चॅनेलनं वेळ दिली होती. आक्कानं मात्र आठवडाभर डेअरीत, दळणाच्या गिरणीत, बाजारात सांगून ठेवलं होतं. तिचं माजघर भरलं होतं. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वीज होती. सर आत आलेच नाहीत. ते बाहेर ओट्यावर, टीव्हीकडं पाठ करून बसले. हातात तात्यांची कपबशी. आवाज ऐकू येत होता, तेवढा त्यांना पुरे होता. मी उंबऱ्यावर बसले, म्हणजे टीव्हीही दिसेल आणि सरही.

माणूस सांत्वनाला आला. आक्काचा आवाज टीव्हीतून "बसा की" म्हणाला आणि आक्कानं पदर तोंडाला लावला. "फार वाईट झालं." "भला मानूस." मग म्हातारा कप घेऊन बाहेर आला.

सरांनी चहा बशीत ओतला. दोनदा फुंकर. भुरका. टीव्हीत सगळे गप्प. माझे डोळे पडद्यावर, की आता कापतील, आता जाहिरात येईल. सरांनी बशी खाली ठेवली, पुन्हा भरली. पडद्यावर अजून सगळे गप्प. एवढ्यात माजघरात बसलेल्या संपतचा मोबाईल वाजला. त्यानं बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा. संपत टीव्हीकडं बघतोय, फोनकडं बघतोय, आणि मग एकदम उठला, माझ्या अंगावरून उडी मारून, सरांना वळसा घालून कंट्रोल रूमकडं पळाला. सरांनी दुसऱ्या बशीतला शेवटचा घोट घेतला.

टीव्हीवर खरखर आली.

सगळे ओरडले. संपत घाम पुसत परत आला. "सर, बॉक्स हँग झालावता! चित्रच हालंना. बंद करून चालू केलाय, यील दोन मिन्टात."

"मुडद्या!" आक्का ओरडली. "ते तसंच हाय!"

सर उठले होते. हातात रिकामी बशी. "संपत," त्यांनी विचारलं, "हँग झालंय असं वाटलं?"

"मलाच न्हाई, सर. पिरंगुटातनं फोन, पौडातनं फोन, वाड्यावस्त्यांवरनं फोन. समद्यांचं येकच, केबल आडाकली, केबल आडाकली."

फोन पुन्हा वाजला. संपतनं घाबरून त्यांच्याकडं बघितलं. सरांनी हात पुढं केला. "द्या. मी बोलतो."

आणि फोनवर कधीही तोंड न उघडणारा तो माणूस त्या दुपारी आलेला प्रत्येक फोन घेत गेला. शिव्या ऐकून घेत होते, आणि ज्याला त्याला एकच विचारत होते, "कुठपर्यंत दिसलं तुम्हाला?" त्यांचे डोळे भरले होते. भुवया पार कपाळावर गेल्या होत्या. पलीकडून जो तो तावातावानं सांगत होता, म्हातारा चहा घेऊन आला तिथपर्यंत. कुणीही रिमोट उचलला नव्हता.

शेवटी फोनवर पौडची एक म्हातारी आली. तिचा आवाज फोनबाहेर आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "पैशे घेता आन् ऐन टायमाला बंद पाडता व्हय रं? त्यो गडी कपाकडं बघीत बसला, आन् आडाकली तुमची केबल! आता मला सांग, फुडं काय म्हनला त्यो?"

सरांनी अर्धी बशी जाऊ दिली. मग तात्यांच्या आवाजात, सांत्वनाला आलेला तो गडी म्हाताऱ्याला विचारतो तसं, अगदी साध्या चौकशीच्या सुरात म्हणाले, "मग? कवा आलात?"

फोनमधून आधी काहीच आलं नाही. मग म्हातारी हसायला लागली. मागं तिचं घर हसायला लागलं. सरांनी फोन कानापासून दूर, आमच्या दिशेनं धरला आणि तिचं हसणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.